शिट्टी नेमकी कुणासाठी?

एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) रेफरींबद्दल तक्रार केली की कुणीतरी म्हणतंच, रेफरी पण माणूसच, चुका होणारच. हो मान्य, पण मग मोठ्या टीमच्या बाजूनेच जास्त कशा काय होतात हो त्या? २००२ ची लेकर्स-किंग्स प्लेऑफ सिरीज आठवा (लेकर्स म्हणजे मोठी टीम, चार मॅच आधी जिंकेल ती पुढे), किंग्स ३-२ ने पुढे आणि गेम ६ मध्ये लेकर्सना एकट्या चौथ्या क्वार्टरला २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोफत शॉट)! १२ मिनिटांत २७, आणि किंग्सची मॅच गेली फक्त ४ पॉइंटने. त्यात शेवटी शेवटी लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्सच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं तरी कोबीवर फाउल नाही, सगळ्या जगाला दिसलं, शिट्टीवाल्यांना सोडून.

त्यानंतर २००७ ला तो टिम डोनाघी निघाला, स्वतःच रेफरी असलेल्या मॅचवर बेटिंग करणारा, जेलमध्ये जाऊन आला. लीग म्हणते तो एकटाच होता, असेल बुवा, पण एकदा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकूनच पिणार ना.

आणि तो लास्ट टू मिनिट रिपोर्ट (अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतले रेफरींचे कॉल बरोबर होते का, ते लीग सांगते तो) तर निव्वळ जखमेवर मीठ आहे. दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगतात, हो कॉल चुकला होता. बरं मग? रिझल्ट तोच, स्टँडिंगमधला लॉस तोच. अरे त्यापेक्षा कोचला दोन-तीन चॅलेंज (रेफरीचा कॉल व्हिडिओवर पुन्हा तपासायला लावायची संधी) जास्तीचे द्या की, मॅच पाच मिनिटं लांबली तर लांबली, तसंही टाइमआउट आणि जाहिरातीत निम्मा वेळ जातोच.