मदत हवी आहे: बाबांच्या फोनवर येणारे रेकॉर्ड केलेले जाहिरातीचे कॉल

कापूसवाला_दारव्हा: दिवसाले आठ-दहा कॉल. उचलला की बाई सुरू, 'कर्जासाठी एक दाबा'. काल बाबा फवारणीत होते, हातमोजे काढून फोन घेतला तर हेच. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून येते. जाहिराती बंद करायले १९०९ वर मेसेज टाकला, काही फरक नाही. लवकर सांगा राजेहो.

वऱ्हाडी_ठेचा: मेसेज काय टाकला? कॉल १४० वाल्या, म्हणजे कंपन्यांच्या जाहिरातींच्या नंबरवरून येतात की साध्या दहा आकडी?

कापूसवाला_दारव्हा: स्टार्ट, स्पेस, शून्य. नंबर साधे.

रिटायर्ड_गुरुजी: पाठीवर पंप असताना फोन घेऊ देऊ नका. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणीनं किती जीव गेले, विसरलात?

सोयाबीन_७२: शून्य नका करू, ओटीपी बंद होतात!

वऱ्हाडी_ठेचा: नाही होत हो, फक्त जाहिराती बंद होतात. पण ते नोंदणीकृत कंपन्यांपुरतं. साध्या नंबरवरून छळणाऱ्यावर तक्रारच करावी लागते, १९०९ लाच. त्याचा नंबर, तारीख, काय बोलला ते थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक) दुरुस्तीनं तक्रारीची मुदत तीनाची सात दिवस केली, डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) नसलं तरी तक्रार चालते.

सोयाबीन_७२: तक्रारीनं काय होते बावा! मी असे कॉल अडवायचं ॲप टाकलं, निवांत.

कापूसवाला_दारव्हा: बाबांचा बटनाचा फोन आहे भाऊ.

सोयाबीन_७२: मंग अँड्रॉइड घेऊन द्या ना.

पिंपळपार: मला तर नंबरच खोटा दिसते. उलट लावला तर कुण्या मावशीले लागते, ते म्हणे मी फोनच नाही केला.

वऱ्हाडी_ठेचा: ते वेगळं प्रकरण, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षं कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. सरकारच्या संचारसाथी साइटवर 'चक्षू' म्हणून तक्रारीची सोय आहे, तिथं टाका. पैसे गेले असतील तर १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. दारव्हावाले, एक सांगा, मेसेज कोणत्या फोनवरून टाकला?

कापूसवाला_दारव्हा: माझ्याच. बाबांना मेसेज टाइप करता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: काहून नाही सांगितलं आधी! तुमचाच नंबर डीएनडीत गेला. बाबांच्या सिमवरूनच टाका, तक्रारही तिथूनच.

रिटायर्ड_गुरुजी: आणि तोंडाला रुमाल नको, मास्क.

कापूसवाला_दारव्हा: टाकला. पण उत्तर येत नाही. इनबॉक्स भरलाय म्हणते, सगळे कर्जाचेच मेसेज. एकेक डिलीट करत बसलोय.