कुलधराचा शाप राहू द्या, शेती बघा
राजस्थानात जैसलमेरजवळ कुलधरा हे ओसाड गाव आहे. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंग याच्या जाचाने ते एका रात्रीत ओस पडलं आणि जाताना लोकांनी 'इथे पुन्हा कुणी वसणार नाही' असा शाप दिला, असं सांगतात. दंतकथा झकास आहे, गाइड तर रंगवून सांगतात. पण या गावातले पालीवाल ब्राह्मण वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस नसताना गहू-हरभरा पिकवायचे, त्याचं काय? सगळी करामत 'खडीन'ची. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खोलगट रानात मातीच्या लांबलचक बांधाने अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर रब्बी पेरायची. विहिरीची एक घागरही ओतायची नाही! आपल्याकडे कोरडवाहू हरभरा करणाऱ्याला हे पटकन उमगेल. त्या भागात खडिनात आजही पेरा होतो. जाणार असाल तर थंडीत जा, पीक उभं असतं.