४० कोम्ब्ड: दोन लॉट, दोन्हींचा आयपीआय १४०. कुठला घ्यावा?

मागवाला_इचलकरंजी
४० नंबरच्या कोम्ब्ड (विंचरलेल्या) सुताचे दोन गिरण्यांचे नमुने आलेत. कापड साध्या विणीचं, पुढे नेव्ही ब्लू रिअ‍ॅक्टिव्ह डाइंगला जाणार. आयपीआय म्हणजे सुतातल्या बारीक जागा (थिन), जाड जागा (थिक) आणि तंतूंच्या गुंतलेल्या गाठी (नेप्स) यांची बेरीज. रिपोर्ट असे, दर किलोमीटरला:

पहिला: थिन ४, थिक ३६, नेप्स १००
दुसरा: थिन १८, थिक ६२, नेप्स ६०

दर सारखाच. जाणकारांनी सांगावं, कुठलं उचलावं?

टेस्टिंगरूम
दादा, बेरजेवर जाऊ नका. तीन वेगळे दोष एका आकड्यात कोंबले की कापडावर काय दिसणार ते कळतच नाही.

थिन −५०% म्हणजे तिथे सुताची जाडी सरासरीच्या निम्मी किंवा त्याहून कमी. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो, म्हणून ती जागा कडक होते, पण तंतूच कमी असल्याने ताण आला की तुटते. दुसरा लॉट ताण्याला (उभ्या धाग्यांना) लावला तर बीमवर (ताणा गुंडाळलेल्या रुळावर) तुटी वाढतील. थिक जागेत उलट: पीळ कमी, सूत मऊ, रंग जास्त पितं. साध्या विणीत ती गाठीसारखी वर येते.

नेप्सचं दुखणं वेगळं. अपक्व तंतूंची भिंत पातळ असते, तंतू चपटा राहतो, रंग कमी धरतो. अशा तंतूंची गुंतवळ गडद रंगात पांढरा ठिपका होऊन चमकते. पांढऱ्या किंवा फिक्या मालात हेच १०० नेप्स सहज खपून गेले असते, नेव्हीत नाही.

पण मशीन फक्त मोजतं, नेप कसला आहे ते सांगत नाही. सूत काळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळा, सुईने २५–३० नेप्स उकला, भिंगाखाली बघा. मध्ये तपकिरी कडक तुकडा निघाला तर ते सरकीचं टरफल, पेरॉक्साइड ब्लीचिंगमध्ये बरंचसं जातं. नुसती पांढरी गुंतवळ निघाली तर ती शेवटपर्यंत राहणार. पहिल्या लॉटचा निकाल इथेच लागेल.

रिंगफ्रेम_४०
वरचं सगळं बरोबर. त्याआधी हे दोन रिपोर्ट एकाच मापाचे आहेत का ते बघा. गिरणीला विचारा:

मर्यादा कुठल्या? रिंग सुताला थिन −५०%, थिक +५०%, नेप्स +२००% धरतात. कोणी −४०, +३५, +१४० वर मोजलं तर आकडे कित्येक पटींनी फुगतात.

नमुना कॉपवरचा (रिंगफ्रेमवरची छोटी गुंडाळी) की कोनवरचा (वाइंडिंगमध्ये पुन्हा गुंडाळलेली मोठी)? वाइंडिंगच्या घासणीत नेप्स आणि केसाळपणा दोन्ही वाढतात. एकाचा कॉप, दुसऱ्याचा कोन, ही तुलनाच नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचं: कॉपवार आकडे मागा. दहा कॉप, प्रत्येकी १००० मीटर, ४०० मीटरच्या वेगाने अडीच मिनिटं. आता नऊ कॉपवर ११० आणि एकावर ४१० आले तरी सरासरी १४०च! तो एक कॉप म्हणजे एखादी बिघडलेली स्पिंडल किंवा फाटलेला एप्रन (तंतू धरून नेणारा पट्टा). तिचं सूत बाण्याला (आडव्या धाग्यांना) आलं की तेवढ्याच लांबीत पट्टा पडतो. सरासरी चांगली आणि एक कॉप खराब असलेला लॉट मी तरी घेणार नाही.

टेस्टिंगरूम
स्पेक्ट्रोग्रामही (ठरावीक अंतराने परत येणारे दोष दाखवणारा आलेख) मागा. साडेआठ सेंटिमीटरवर टोकदार सुळका असेल तर २७ मिमीचा पुढचा रोलर वाकडा (२७ × ३.१४). तसाच दोष मागच्या रोलरचा असेल तर ती लांबी पूर्ण ड्राफ्टने (तंतू किती पट ओढून बारीक केले त्या आकड्याने) गुणायची. ३० ड्राफ्टला सुमारे अडीच मीटर. हा दोष आयपीआयमध्ये दिसत नाही, पण कापडावर लाटा उठतात.

नमुना २४ तास ६५% आर्द्रतेत ठेवलेला हवा. सेन्सर कपॅसिटिव्ह आहे, म्हणजे ओलाव्यानेही त्याचा आकडा बदलतो; पावसाळ्यात कोनचा बाहेरचा थर ओला आणि आतला कोरडा असला की मोजणी बिघडते. वरचे काही थर काढून टाका.

मागवाला_इचलकरंजी
दोन्ही कोनवरचेच आहेत. कॉपवार आकडे मागवतो. पण दुसरा लॉट फक्त बाण्याला चालेल का?

रिंगफ्रेम_४०
तुटीच्या दृष्टीने चालेल, ताण्याइतका ताण तिथे येत नाही. पण थिक ६२ बाण्यात उठून दिसतील. दोन्ही लॉटचं एक-एक मीटर विणून नेव्हीतच रंगवा आणि खिडकीशी तिरप्या उजेडात धरून बघा. बीम भरण्याआधी, नंतर नव्हे.