विषय: हल्लीचे विनोदी चित्रपट

हल्लीच्या मराठी चित्रपटांत फक्त संवाद हसवतात, प्रसंग नाही, हे तुझ्या मित्राचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. 'नाच गं घुमा'बद्दल (2024) तू त्याच्याशी भांडलास ते योग्यच केलंस, पण त्याच लेखकद्वयीचा, मधुगंधा कुलकर्णी आणि परेश मोकाशींचा, 'वाळवी' (2023) दोघांच्याही बोलण्यात आला नाही याचं नवल वाटलं. बायकोचा खून आत्महत्या वाटावा म्हणून मिनिटामिनिटाची आखणी, आणि मग ती आखणीच पायरीपायरीने फसत जाते. पात्रं घामाघूम, आपण हसतोय! ओढूनताणून आणलेली कोटी त्यात जवळपास नाहीच. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

अजून एक. मी तो थिएटरात पाहिला आणि नंतर घरी मोबाइलवर. थिएटरात एखादी नजरानजर झाली तरी हशा पिकत होता. घरी तेच प्रसंग नुसते थरारक वाटले, हसू फारसं आलंच नाही. तुझ्या मित्राने यातले किती चित्रपट भरलेल्या थिएटरात पाहिलेत, ते एकदा विचार. मला वाटतं, तुमच्या मतभेदाचं निम्मं कारण तिथेच आहे.