रेस्टलेस लेग्ज: प्रामिपेक्सोल कमी करतानाच्या रात्री कशा काढल्या?

माझ्या आईचे वय ६८ आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिच्या पोटऱ्यांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आणि उठून चार पावले चालले की तेवढ्यापुरते थांबते. कित्येक वर्षे आम्ही याला वात समजून तेल चोळत राहिलो. चार वर्षांपूर्वी रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असे निदान होऊन प्रामिपेक्सोल ०.१२५ मिलिग्रॅमची एक गोळी रात्री सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात ती सलग सहा तास झोपली.

पुढे गुण ओसरत गेला तशी मात्रा वाढवत ०.५ मिलिग्रॅमवर नेली. आता मात्र त्रास दुपारी चारलाच सुरू होतो आणि हातांतही जाणवतो. नव्या डॉक्टरांच्या मते हा आजार वाढल्याचा नव्हे, तर गोळीचाच परिणाम आहे. प्रामिपेक्सोलसारखी, मेंदूतील डोपामिन या रसायनासारखे काम करणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यास असे होऊ शकते, त्याला ऑगमेंटेशन म्हणतात, आणि मात्रा आणखी वाढवली तर थोडे दिवस बरे वाटून त्रास पुन्हा उसळतो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांतही गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन या वेगळ्या गटातील औषधांना पसंती आहे. शिवाय आईचे फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) ३४ निघाले. हिमोग्लोबिन १२.४ असल्यामुळे लोहाची शंका आजवर कोणीच घेतली नव्हती. या आजारात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असले तरी लोह देण्याचा विचार करतात, हे मला आत्ता कळले. (मागे खोकल्याच्या औषधानंतर ती रात्रभर फेऱ्या घालत होती. त्यात डायफेनहायड्रामिन होते आणि त्याने हा त्रास वाढतो, हेही आत्ताच समजले.)

प्रामिपेक्सोल अचानक न थांबवता टप्प्याटप्प्याने उतरवायचे, सोबत प्रीगॅबालिन सुरू करायचे आणि लोह शिरेतून द्यायचे, असे ठरले आहे. ज्यांच्या घरी हा बदल झाला आहे त्यांना विचारायचे आहे, की मधला काळ किती दिवसांचा होता आणि लोहाचा गुण किती आठवड्यांनी दिसला? प्रीगॅबालिनने चक्कर येऊ शकते, आणि आई तर रात्री अंधारात चालणारी. तिचे क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) १.३ आहे. वयस्कर रुग्णांच्या बाबतीत आपण कोणती खबरदारी घेतली?

मात्रा डॉक्टरच ठरवतील. गोळी कमी करताना काही रात्री जवळजवळ जागून काढाव्या लागतील, असे त्यांनी मला सांगितले आहे. आईला मी अजून सांगितलेले नाही. ते आधीच सांगावे का, हेही अनुभवींनी कळवावे.