रेट्रो डिझाइन म्हणजे नांगी टाकणं आहे

वळणवाट:
परवा एकाने टाटाच्या नव्या सिएराचा फोटो टाकून लिहिलं होतं की हल्लीच्या सगळ्या एसयूव्ही एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, डिझायनर लोकांना नवीन काही सुचत नाही, तेव्हा कंपन्यांनी नवीन आकार शोधायचा नाद सोडून जुनेच शेप परत आणावेत, म्हणजे रेट्रो. खाली नुसते बदाम. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

१९९१ची सिएरा लक्षात का राहिली? टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, पिकअपच्या सांगाड्यावर तीन दारांची गाडी केली, आणि मागच्या सीटशेजारी दार द्यायच्या ऐवजी छतापर्यंत वळत जाणारी अखंड काच लावली. रस्त्यावर तेव्हा ॲम्बॅसिडर, पद्मिनी आणि मारुती ८००. असलं काही कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणजे ज्याच्यावर आपण एवढा जीव टाकतोय तो तिचा नवेपणाच होता ना? आता २०२५ची गाडी बघा. दारं पाच झाली, ते बरोबरच आहे, पण ती वळणारी काच गेली आणि काळ्या चकचकीत पॅनेलने तिचा भास उभा केलाय. आधी काहीतरी करून दाखवलं होतं, आता ते केल्यासारखं दाखवलंय.

मिनीचंही तेच. १९५६च्या सुएझ प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा इंजिनिअर इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं, चाकं १० इंची घेतली आणि जेमतेम तीन मीटरमध्ये चार मोठी माणसं बसवली. तो आकार कुणी 'क्यूट' म्हणून काढलेला नाही, हिशेबातून आलाय. २००१ची बीएमडब्ल्यूवाली मिनी साडेतीन मीटरच्या पुढे गेली आणि तरी मागे पाय ठेवायला जागा नाही. फोक्सवॅगनची न्यू बीटल तर आतून त्यांचीच चौथ्या पिढीची गोल्फ, इंजिन मागचं पुढे आलं, हवेऐवजी पाण्याने थंड व्हायला लागलं, फक्त छत गोल पाहिजे म्हणून मागे बसणाऱ्याचं डोकं टेकतंय. जुन्या माणसांनी डोकं चालवलं म्हणून त्या गाड्या मोठ्या झाल्या. त्यांचा मान ठेवायचा तर आपणही डोकं चालवायला नको का?

तिसरा_गियर:
लेख आवडला पण पटला नाही. नवेपणाचं एवढं कौतुक करताय तर १९९८ची फियाट मल्टिप्ला आठवा. चार मीटरच्या आत दोन रांगांत तीन-तीन अशी सहा माणसं, काचेखाली दिव्यांची वेगळी रांग, कल्पना अफाट होती, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने प्रदर्शनात मांडली. आणि गिऱ्हाइकांनी? कुरूप गाड्यांच्या प्रत्येक यादीत तिचं नाव. २००४मध्ये कंपनीला तिचं तोंड बदलून चारचौघींसारखं करावं लागलं. आता गंमत बघा, मल्टिप्ला ज्याची, त्या रॉबर्टो जिओलिटोनेच पुढे २००७ची फियाट ५०० केली, अगदी जुन्या ५००सारखी, आणि ती लाखांनी विकली गेली. एकाच माणसाची दोन्ही कामं. त्याने नांगी टाकली असं म्हणणार का तुम्ही?

वळणवाट:
हो, म्हणणार. जिओलिटोचा अपमान करायचा नाहीये, पण हो. १९५७ची ५०० फियाटच्या जिआकोसाने स्कूटरवरून फिरणाऱ्या इटालियन कुटुंबासाठी केली, ४७९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, परवडावं हाच उद्देश. २००७ची ५०० ही फियाटच्याच पँडा गाडीच्या सांगाड्यावर. पँडा तिच्यापेक्षा जास्त माणसं, जास्त सामान नेते आणि स्वस्त पडते. म्हणजे लोकांनी जादा पैसे मोजले ते निव्वळ चेहऱ्याचे. विकली गेली हे मान्य. पण खप हेच उत्तर असेल तर मग डिझाइनवर बोलूच नये, फक्त विक्रीचे आकडे टाकावेत.

परदेशस्थ_पुणेकर:
मी बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ होतो. हिवाळ्यात ऑफिसचं पार्किंग म्हणजे करड्या रंगाच्या सेडानची रांग, वर करडं आभाळ, त्यात एका सहकारी बाईंची पिवळी न्यू बीटल, डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या कुपीत रोज एक फूल. पार्किंगमध्ये शिरल्यावर पहिली नजर तिच्यावर जायची आणि खरंच बरं वाटायचं. तुम्ही मागच्या सीटवरच्या डोक्याचं सांगताय, त्या बाई एकट्याच यायच्या. गाडीने आनंद द्यावा यात वाईट काय?

वळणवाट:
आनंदाला माझी ना नाही. पण डेट्रॉइटला होतात तर क्रायस्लरची रेट्रो पीटी क्रूझर पाहिलीच असेल. २०००मध्ये लोक नंबर लावून थांबले होते, २०१०मध्ये बंद, पुढची पिढी आलीच नाही. फोर्डची नवी थंडरबर्ड २००२ला आली, २००५ला संपली. रेट्रोचं दुखणं हेच आहे की पुढच्या मॉडेलला जायला जागा राहत नाही, आणखी जुनं काय करणार?

तिसरा_गियर:
मग पोर्शच्या ९११चं काय? १९६४पासून तोच आकार.

वळणवाट:
ती बंदच कुठे पडली होती? ती दर पिढीला बदलत गेली. मध्ये तीस वर्षं विसरून मग अल्बममधून काढली नाही तिला.

पिवळी_पाटी:
परदेशातली उदाहरणं पुरे. आपल्याकडे कोऱ्या कागदावर काढलेली एक गाडी आली, नॅनो. इंजिन मागे, चाकाला तीनच नट, वायपर एकच, लांबी ३.१ मीटर आणि आत सहा फुटी माणूस आरामात. तिचं काय झालं? गुजरातमधला साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी बांधलेला आणि जून २०१८च्या अख्ख्या महिन्यात एक गाडी बनली. एक! हे बघितल्यावर कुठली कंपनी ओरिजिनल करायला धजावेल? सिएराच परत आणणार ना.

निळी_शाई:
नॅनोवर दरवेळी घसरायचं बंद करा हो. आमची आई शिक्षिका होती, निवृत्त झाल्यावर नॅनोवर ड्रायव्हिंग शिकली. साताऱ्यातल्या आमच्या बोळात मामाची मोठी गाडी कोपऱ्यावरच थांबायची, आई थेट दारात लावायची. पण एका लग्नात कार्यालयाच्या दारात गाडी उभी केली तर यजमानांच्या भावाने येऊन सांगितलं, ही जरा मागच्या बाजूला घ्या, पाहुण्यांचे फोटो काढायचेत. आई काही बोलली नाही, मागे घेतली. गाडीत काहीही खोट नव्हती. लोकांच्या डोक्यात 'सगळ्यात स्वस्त' हे बसलं होतं, तिथे ती मेली. डिझाइनला कशाला बोल लावता?

घाटमाथा:
ताई, भावना समजतात, पण डिझाइनला बोल लावायलाच पाहिजे. डिकी उघडत नव्हती! मागचं दार दिसायला दार आणि उघडायला नाही, बॅग ठेवायची तर आतून सीट पाडायची. २०१५मध्ये उघडणारी डिकी आली, गाडी येऊन सहा वर्षं झाल्यावर. चार माणसं बसवली आणि गावाला जायचं तर पिशव्या मांडीवर. आणि धूर, आगी लागल्याच्या बातम्या आल्या त्या वेगळ्याच.

निळी_शाई:
तुम्ही कधी चालवली आहे का? एकदा तरी? की बातम्या वाचूनच?

घाटमाथा:
चालवायला कशाला लागते, डिकी उघडत नाही हे बाहेरून दिसतं.

निळी_शाई:
म्हणजे नाही चालवली. ठीक.

पिवळी_पाटी:
नॅनोचा पश्चिम बंगालमधला सिंगूरचा कारखाना २००८मध्ये गुजरातला हलवावा लागला नसता तर गाड्या वेळेवर मिळाल्या असत्या आणि सगळंच वेगळं झालं असतं, हे कुणीच बोलत नाही.

घाटमाथा:
झालं, आता राजकारण.

पिवळी_पाटी:
राजकारण नाही, इतिहास आहे. बुकिंग करून लोक ताटकळले, तोवर उत्साह संपला.

वळणवाट:
विषय भरकटला तरी थांबवत नाही कारण माझा मुद्दा इथेच आहे. ओरिजिनल म्हणून नॅनो हरली असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं की तिचं छोटेपण, उंच सीट, आतली जागा यातलं काय चुकलं? एकही नाही. हरली ती पैसे वाचवताना डिकी बंद ठेवली म्हणून आणि स्वस्त म्हणून विकली म्हणून. स्वतः रतन टाटांनी नंतर सांगितलं होतं की तिला 'सगळ्यात स्वस्त' म्हणून विकायला नको होतं. पण त्यातून इंडस्ट्रीने धडा काय घेतला, तर नवीन करूच नका!

रात्रपाळी:
मला रेट्रोवर एकच बोलायचंय. गोल दिवे जुन्यासारखे देतात आणि आत एलईडी इतका पांढरा की मुंबई-गोवा रस्त्यावर रात्री समोरून आला की दोन सेकंद काही दिसत नाही. जुनंच आणायचंय तर तो पिवळा उजेड आणा. आणि एसीची बटणं आणा, स्क्रीनवर बोट घासत बसलोय तोवर समोर खड्डा.

तिसरा_गियर:
हे मात्र शंभर टक्के.

आता मूळ मुद्दा. वळणवाट, चेतकबद्दल तुम्ही गप्प का? १९७२ची बजाजची चेतक स्कूटर, इंजिन एका बाजूला, सुरू करायच्या आधी वाकडी करायची, घरोघरी हेच चित्र. नंतर बंद झाली. २०२०मध्ये तीच चाकणहून इलेक्ट्रिक होऊन आली, पत्र्याची बॉडी, गोल वळणं, नाव तेच, आत सगळं नवीन. वडील बसले आणि म्हणाले, हिला वाकडी नाही करायची? घरात मी किती इलेक्ट्रिक स्कूटर दाखवल्या, सगळ्यांना ते 'खेळणं' म्हणाले, हिच्यावर बसले कारण ओळखीची वाटली. नवीन तंत्रज्ञान जुन्या माणसापर्यंत पोचवायला ओळखीचा चेहरा लागतो. ही नांगी टाकणं नाही, शहाणपण आहे.

वळणवाट:
चेतकपुरतं मान्य, कारण आत खरंच नवीन आहे आणि आकाराने बसणाऱ्याची अडचण केलेली नाही. पण ती चेतकही मुळात इटालियन व्हेस्पावरून घेतलेली, म्हणजे आपण इटलीच्या आठवणीची आठवण काढतोय.

परदेशस्थ_पुणेकर:
मधला रस्ता आहे की. ह्युंदाईची आयोनिक ५ बघा. १९७४च्या पोनी कूपेवरून घेतली, ते इटालियन डिझायनर जुजारोचं काम, पण घेतल्या त्या फक्त सरळ रेषा आणि तिरक्या घड्या. ज्याने पोनी कधी पाहिली नाही त्यालाही ती उद्याची गाडी वाटते. बॅटरी खाली सपाट पसरली, त्यामुळे चाकं टोकांना गेली, आत जागा हॉलसारखी. जुन्यातून घेतलं आणि नव्या इंजिनिअरिंगचा फायदाही सोडला नाही.

वळणवाट:
ती मला आवडते, लपवत नाही. माझं भांडण आठवणीशी नाहीच. बॅटरीमुळे पुढचं इंजिन गेलं, फरशीतला मधला उंचवटा गेला, शंभर वर्षांत पहिल्यांदा गाडीचा आकार मोकळा झाला, आणि अशा वेळी आपण १९९१चा चेहरा लावून बसतो याचा त्रास होतो.

घाटमाथा:
त्रास होऊ दे. मला सिएरा परवडतेय, २०२५मध्ये ११.४९ लाखांपासून आली होती. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर एका डॉक्टरांची लाल सिएरा उभी असायची, आम्ही काचेला नाक लावून आत बघायचो. मी घेणार. काळं पॅनेल असलं तरी घेणार.

निळी_शाई:
घ्या. पण मग आमची मागे लावायला सांगू नका.