जहाज बुडालं की फुटलं?

शहादेकर: एक इंग्रजी मजकूर मराठीत करतोय. ब्रिटनमध्ये १८५५ पासून 'सी गॅलंट्री मेडल' आहे. पुढे 'शिपरेक' शब्द येतो, म्हणून मी लिहिलं, 'जहाजबुडीतील खलाशांना वाचवल्याबद्दलचे शौर्यपदक'. वाचताना खटकतंय. दुसरं काही सुचवा.

तापीकाठचा: खटकणारच. ग्रेस डार्लिंगचं बघा. ७ सप्टेंबर १८३८ ला 'फॉरफरशायर' ही आगबोट इंग्लंडच्या फार्न बेटांजवळ खडकावर आपटून दुभंगली. मागचा भाग वाहून गेला, पुढचा खडकावरच अडकला. नऊ माणसं त्या खडकावर जीव मुठीत धरून. दीपगृहवाल्याची ही २२ वर्षांची पोरगी बापासोबत वल्ही मारत तिथे गेली. तिला एका बचाव संस्थेचं रौप्यपदक मिळालं. यात बुडी कुठे आहे? शिवाय त्या नवांत प्रवासीही होते, एक बाईसुद्धा. मग 'खलाशी' तरी कसं चालेल?

आमच्याकडे म्हातारे 'नाव बुडनी' आणि 'नाव फुटनी' वेगवेगळं बोलतात. बुडालेली नाव ओढून काढायची, पाणी उपसायचं, पुन्हा हाकायची. फुटलेलीच्या फळ्या गोळा करायच्या आणि चुलीत घालायच्या.

अमळनेरहून: तापी-पांझरेवाले समुद्रावर भांडताहेत, कोकणातले हसतील! पण 'फुटणे' बरोबर. गलबत फुटतं, तारू फुटतं. 'नौकाभंग' कोणी सुचवेल, तो परीक्षेच्या पेपरात राहू दे.

माझी हरकत 'शौर्या'ला. शौर्य म्हटलं की तलवार दिसते. आपल्याकडे बुडत्याला काढणाऱ्याला 'जीवनरक्षा पदक' देतात, १९६१ पासून. वर 'उत्तम' आणि 'सर्वोत्तम' अशा दोन पायऱ्या. 'शौर्य' शब्दच नाही, तरी काम कळतं.

शहादेकर: पण मूळ नावात 'गॅलंट्री' म्हणजे शौर्यच आहे, ते गाळू कसं?

तापीकाठचा: नाव आहे तसंच ठेवा, देवनागरीत. खाली अर्थ फोडून सांगा. लांबलं तर लांबू द्या. ग्रेसला पदक देणाऱ्या संस्थेचं १८२४ मधलं नावच 'जहाज फुटलेल्यांचे प्राण वाचवणारी राष्ट्रीय संस्था' अशा अर्थाचं, हातभर लांब होतं. आता तिला रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, थोडक्यात आरएनएलआय म्हणतात.

शहादेकर: मग असं केलं: 'सी गॅलंट्री मेडल, म्हणजे फुटलेल्या जहाजावरच्या माणसांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्यास मिळणारं पदक.' आईला वाचून दाखवलं. तिच्या लेखी पदक म्हणजे माळेत मधोमध लोंबतं ते. म्हणाली, "सोन्याचं का?"